वाचनालयात विनामूल्य चित्रपट दाखवायचाय? आधी शेवटच्या खुर्चीत बसून बघा

प्रश्न थोडक्यात असा. एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांना दर महिन्याला एका संध्याकाळी चित्रपटाचा खेळ सुरू करायचा आहे. सर्वांना खुला, पूर्ण विनामूल्य. साठ-सत्तर खुर्च्यांचं सभागृह आहे, प्रोजेक्टर आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. तिकीट लावत नसलो तरी परवानगी लागते का? आहे त्या सामानात भागेल का? आणि लोक येतील, आलेले टिकतील, यासाठी काय करावं?

मी सोळा वर्षं वाचनालयात हे काम केलं. उत्तर लांबणार आहे, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी मी आधी चुकून आणि मग शिकले.

दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. फुकटच्या खेळाला आलेला प्रेक्षक ते नेमके मोजतो. तिकीट काढून थिएटरात गेलेला माणूस पैसे वसूल व्हावेत म्हणून कंटाळवाणा चित्रपटही शेवटपर्यंत बघतो. तुमच्याकडे आलेल्याला वसूल करायचं असं काही नसतंच. पहिल्या दहा मिनिटांत संवाद ऐकू आले नाहीत, पुढच्याच्या डोक्यामुळे पडदा दिसला नाही, तर तो शांतपणे उठतो आणि घरी जातो. तक्रारही करत नाही. फुकटात कसली तक्रार, असं त्याला वाटतं. पुढच्या महिन्यात फक्त येत नाही. त्यामुळे ‘फुकटच तर आहे, चालवून घेतील’ हा विचार पहिल्या दिवशीच डोक्यातून काढा. खाली जे काही सांगतेय ते याच एका हिशेबाने.

आधी परवानगी. हो, लागते. तिकीट नसलं तरी लागते.

डिस्क विकत घेतली म्हणजे ती डिस्क तुमची झाली आणि ती घरी बघायची मुभा मिळाली. चार लोकांत दाखवण्याचा हक्क ही वेगळी वस्तू आहे आणि ती डिस्कच्या किमतीत येत नाही. कायदा तिकिटापेक्षा प्रेक्षक कोण आहेत हे बघतो. अमेरिकेच्या कायद्यात तर व्याख्याच तशी आहे: जागा सर्वांना खुली असेल किंवा कुटुंब आणि नेहमीच्या ओळखीपाळखीपलीकडचे बरेच लोक जमले असतील, तर ते सार्वजनिक प्रदर्शन. वाचनालयाचं सभागृह यात सरळ बसतं.

इथे दोन गैरसमज हमखास भेटतात. पहिला, ‘आम्ही शैक्षणिक संस्था आहोत, आम्हाला सूट आहे.’ ती सूट वर्गासाठी असते. अमेरिकेत ती शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर असलेल्या अध्यापनापुरती आहे. भारताच्या कायद्यात शैक्षणिक संस्थेला चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक म्हणजे तिथले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं, एवढेच. रस्त्यावरून आत आलेला कुणीही त्यात बसत नाही, आणि सार्वजनिक वाचनालय तर नेमकं त्याच्यासाठीच उघडं असतं. दुसरा गैरसमज जास्त फसवा आहे. भारताच्या कायद्यात हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला सूट आहे, ती वाचून लोक निश्चिंत होतात. पण ते कलम साहित्यकृती, नाट्यकृती आणि संगीतकृती यांच्या प्रयोगांबद्दल आहे. चित्रपटाचं नाव त्यात नाही. तुम्ही ज्या देशात असाल तिथलं कलम मूळ शब्दांत वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. प्रमाणपत्राचं म्हणजे सेन्सॉरचं प्रकरण वेगळं असतं, तेही त्याच वेळी बघून घ्या.

स्ट्रीमिंगचं खातं लावून दाखवावं असा मोह होतो. त्या सेवांच्या अटींमध्ये वापर वैयक्तिक असं स्पष्ट लिहिलेलं असतं. एक अपवाद माहीत असलेला बरा: नेटफ्लिक्स स्वतःच्या काही माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा देतं. त्या माहितीपटाच्या पानावर तसं लिहिलेलं असतं, पैसे घ्यायचे नसतात आणि खेळ एकदाच करायचा असतो. ज्यावर लिहिलेलं नाही त्याला मुभा नाही. वाचनालयांसाठीच चालणारी कॅनोपी ही सेवा तुमच्याकडे असेल, तर तिच्यावरच्या बऱ्याच चित्रपटांना गटाने बघण्याचा हक्क जोडलेला असतो. पण तोही प्रत्येक चित्रपटाला तपासायचा.

परवाना दोन तऱ्हेने मिळतो. एकेका चित्रपटाचा, किंवा वर्षभराचा एकत्रित. मोशन पिक्चर लायसेन्सिंग कॉर्पोरेशन ही १९८६ मध्ये सुरू झालेली संस्था अनेक देशांत असा एकत्रित परवाना देते. अमेरिकेत स्वँक, ब्रिटनमध्ये फिल्मबँकमीडिया ही या धंद्यातली नेहमीची नावं. महिन्याला एकच खेळ करणार असाल तर आधी दोन्ही आकडे मागवा. वर्षाचा परवाना दरवेळी स्वस्त पडतोच असं नाही. पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारा. कुठल्या निर्मात्यांचे चित्रपट यात येतात? प्रत आम्ही आणायची की तुम्ही देणार? दारात ऐच्छिक देणगीची पेटी ठेवली तर तो प्रवेशमूल्याचा प्रकार धरला जाईल का? आणि जाहिरातीत चित्रपटाचं नाव घेता येईल का?

शेवटच्या प्रश्नावर आमचे हात चांगलेच पोळलेत. वर्षाचा परवाना घेतला, खूश झालो, आणि रस्त्याकडेच्या फलकावर चित्रपटाचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत लावलं की पलीकडच्या पदपथावरून वाचता यावं. आठवड्याभरात परवाना देणाऱ्यांचं पत्र आलं. एकत्रित परवान्यात बरेचदा अट असते की इमारतीच्या आत आणि सभासदांना पाठवलेल्या पत्रकात नाव चालेल, बाहेरच्या जाहिरातीत चालणार नाही. कारण उघड आहे, थिएटरवाल्यांशी स्पर्धा नको. पत्र नम्र होतं, पण फलक त्याच संध्याकाळी उतरवावा लागला. तेव्हापासून बाहेर आम्ही एवढंच लिहितो: शुक्रवारी संध्याकाळी चित्रपट, नाव आत विचारा. गंमत म्हणजे नाव विचारायला आत आलेले काही जण पुस्तकांच्या कपाटांपाशी रेंगाळतात.

लहान, स्वतंत्र निर्मात्यांचे चित्रपट दाखवायचे असतील तर त्यांना सरळ लिहा. सभागृह केवढं, तारीख कुठली, प्रवेश विनामूल्य, खेळ एकच, एवढं चार ओळींत कळवा. माझा अनुभव असा की दिग्दर्शक बहुधा आनंदाने हो म्हणतात. पण दिग्दर्शकाच्या होकारावर थांबू नका. हक्क त्याच्याकडेच आहेत की वितरकाला विकलेत, हे त्यालाच विचारा. आणि होकार फोनवर नको, लेखी.

आता हक्क संपलेल्या जुन्या चित्रपटांबद्दल. ही वाट चांगली आहे, पण वाटते तितकी सरळ नाही. मुदत देशागणिक बदलते. भारतात चित्रपट प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं, म्हणजे १९६५ चा चित्रपट १ जानेवारी २०२६ पासून मोकळा. अमेरिकेत त्या काळातल्या जुन्या चित्रपटांना ९५ वर्षं. युरोपीय संघात प्रमुख दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि त्या चित्रपटासाठी संगीत देणारा, या चौघांपैकी जो शेवटी गेला त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. म्हणजे एकच चित्रपट एका देशात मोकळा आणि शेजारच्या देशात बंद असू शकतो.

शिवाय चित्रपटाच्या पोटात दुसऱ्यांचं काम असतं. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा १९४६ चा चित्रपट याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. त्याच्या हक्काचं नूतनीकरण १९७४ मध्ये करायचं राहून गेलं, आणि अमेरिकेतल्या वाहिन्या तो वर्षानुवर्षं बिनपैशांनी दाखवत राहिल्या. मग १९९३ मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्काच्या जोरावर तो पुन्हा आपल्या ताब्यात घेतला. मूकपटांत हाच सापळा वेगळ्या रूपात असतो. चित्रपट शंभर वर्षांचा, पण तुमच्या हातातल्या डिस्कवरचं संगीत दहा वर्षांपूर्वी कुणीतरी नव्याने रचून वाजवलेलं. ते मोकळं नाही. आम्ही एकदा या फेऱ्यात अडकता अडकता वाचलो. डिस्कच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात संगीतकाराचं नाव आणि वर्ष होतं, ते खेळाच्या दोन दिवस आधी एका सहकाऱ्याने वाचलं. शेवटी आवाज बंद करून चित्रपट लावला आणि ओळखीतल्या एका पेटीवादकाने बाजूला बसून साथ केली. ती आमची सर्वांत चांगली संध्याकाळ ठरली, पण तिचं श्रेय नियोजनाला देता येणार नाही.

कार्यकारिणीत कुणीतरी विचारेलच, ‘वाचनालयाने पुस्तकं सोडून हे धंदे कशाला?’ त्यांना सांगा की हे नवं फॅड नाही. सुरुवातीची ३५ मिलिमीटरची फिल्म झटकन पेट घेणारी असायची, ती चालवायला आगीपासून सुरक्षित खोली लागायची. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म आणली, ती पहिल्यापासून न भडकणाऱ्या पट्टीवर होती. त्यामुळेच चित्रपट शाळांत, सभागृहांत आणि वाचनालयांत येऊ शकला. पुढे उत्तर अमेरिकेतली वाचनालयं पुस्तकांसारखी फिल्मची रिळंही घरी द्यायची. आणि विनामूल्य का, तर इफ्ला (ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा, १९९४ चा आणि २०२२ चा सुधारित, दोन्ही हेच सांगतात की सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः मोफत असावी. वाद तरीही संपणार नाही, पण निदान मुद्द्यावर होईल.

सामानाकडे वळू. तुम्ही प्रोजेक्टर आहे असं लिहिलंत, आवाजाबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. सगळे असंच करतात. मीही केलं होतं.

चित्र थोडं फिकट असलं तरी डोळे सरावतात. अस्पष्ट संवादाला कान सरावत नाहीत. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर विसरून जा. तो मशीनसोबत छताला किंवा सभागृहाच्या मधोमध असतो, पंख्याच्या घरघरीत बोलतो, आणि पात्र समोर असताना त्याचा आवाज मागून येतो. दोन बरे स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यांच्या थोडे वर, आत वळवून ठेवा. सभागृहाच्या भिंती उघड्या आणि फरशी गुळगुळीत असेल तर आवाज घुमतो. जाड पडदे लावा. पुस्तकांनी भरलेली कपाटं मागच्या भिंतीला सरकवता आली तर उत्तमच, आवाजाचं घुमणं मोडायला ती झकास.

आता आमच्या पहिल्याच खेळाची गोष्ट. सभागृह भरलेलं, मागे लोक उभे. चित्रपट सुरू झाला. पाऊस पडत होता, तो छान ऐकू येत होता. मागचं संगीत ऐकू येत होतं. माणसं तोंड हलवत होती आणि शब्द मात्र कुठून तरी विहिरीतून आल्यासारखे. मी आवाज वाढवला, तर पाऊस वाढला. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, ‘मूकपट आहे होय? मग सांगायचं ना!’ सगळे हसले. दहाव्या मिनिटाला पहिल्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या.

दोष स्पीकरचा नव्हता. प्लेअर ५.१ म्हणजे सहा स्पीकरसाठी वाटलेला आवाज पाठवत होता. त्यात संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीवर असतात, आणि आमच्याकडे डावा-उजवा असे दोनच स्पीकर. मधली वाहिनी कुठे जातच नव्हती. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्टिरिओ’ केला की मधल्या वाहिनीचे संवाद दोन्ही बाजूंना मिसळून मिळतात. तीस सेकंदांचं काम. त्या रात्री मला ते माहीत नव्हतं. तुम्हाला आता आहे.

चित्राचा हिशेब सोपा आहे. पडदा ३ मीटर रुंद धरला तर रुंद चित्राची उंची साधारण १.७ मीटर होते, क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मीटर. थिएटरात पडद्याचा उजेड चौरस मीटरला ४८ कँडेला असावा असा दंडक आहे. काळोख्या खोलीत साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढा उजेड पाडायला साधारण ७७० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. तुमच्या सभागृहात खिडक्यांच्या फटी असतील, बाहेर जायच्या दारावरचा दिवा असेल (तो झाकायचा नाही, कितीही डोळ्यांत गेला तरी), आणि खोक्यावर छापलेले ल्युमेन दिवा नवा असतानाचे असतात. तीन-चार हजार ल्युमेनचं मशीन असेल तर निर्धास्त राहा. नसेल तर नवं घेण्याआधी खिडक्यांना काळं कापड लावून बघा. तेवढ्यानेच बरेचदा काम होतं.

पण प्रोजेक्टरपेक्षा जास्त लोकांना मी डोक्यांमुळे जाताना पाहिलंय. तुमची जमीन सपाट असणार, थिएटरसारखी उतरती नाही. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण १.२५ ते १.४ मीटरवर येतं. पडद्याची खालची कड त्याखाली असेल, तर चित्राचा तळ पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो, आणि सबटायटल्स नेमकी तिथेच असतात. म्हणून खालची कड १.४ मीटरवर ठेवा. छत ३ मीटरचं असेल तर वर १.६ मीटरच उरतात, मग पडदा लहान करा. लहान पण पूर्ण दिसणारं चित्र चांगलं. खुर्च्या एकामागे एक न ठेवता अर्ध्या खुर्चीने सरकवून मांडा, दोन डोक्यांच्या मधून दिसतं. सबटायटल्स थोडी वर सरकवायची सोय काही प्लेअरमध्ये असते, शोधून ठेवा. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. सबटायटल्स वाचायची असतील तर मी पाचपट धरते.

मग खेळाच्या दोन दिवस आधी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर स्वतः बसा. पुढच्या खुर्च्यांवर सहकाऱ्यांना बसवा आणि त्याच डिस्कची पंधरा मिनिटं बघा. पंधरा मिनिटं, दोन नाही. लॅपटॉप पंधराव्या मिनिटाला झोपतो, दुसऱ्या मिनिटाला नाही. लॅपटॉपचे अपडेट आणि निरोपांच्या पट्ट्या बंद करा. चित्र अचानक काळं पडलं आणि आवाज तेवढा चालू राहिला, तर मधली एखादी जुनी जोडणी नकलप्रतिबंधक संकेत ओळखत नसते. ती बदलावीच लागते, विनवण्या करून उपयोग नाही. परदेशी डिस्क असेल तर तिचा प्रदेश-क्रमांक तुमच्या प्लेअरला चालतो का तेही तेव्हाच कळेल. आणखी एक किरकोळ गोष्ट: माहितीत १०० मिनिटं लिहिलेला चित्रपट काही डीव्हीडींवर ९६ मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं, सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने धावत असतो.

ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी सबटायटल्स कायम चालू ठेवा, चित्रपट प्रेक्षकांच्याच भाषेतला असला तरी. कुणीतरी कुरकुर करेल, पण दुसऱ्या खेळापासून तोही वाचायला लागेल. चाकाच्या खुर्चीसाठी जागा मधल्या एखाद्या रांगेच्या टोकाला, सोबतच्या माणसाच्या खुर्चीसह, आधीच मोकळी ठेवा. आल्यावर चार जणांना उठवून केलेली जागा पाहुण्याला अवघड वाटते. गोंगाट आणि मिट्ट काळोख सहन न होणाऱ्या मुलांसाठी वर्षातून दोन-तीन खेळ आवाज कमी, दिवे मंद चालू आणि फिरायला मोकळीक असे करून बघा. आमच्याकडे त्या खेळांना मुलांइतकेच त्यांचे थकलेले आईबाप येतात.

चित्रपट निवडण्याबद्दल लोक फार लिहितात, मी थोडंच लिहिते. मतदान घेऊ नका, जो चित्रपट सगळ्यांनी पाहिलाय तोच निवडून येतो. दीड तासाच्या आसपासचे घ्या. पुस्तकावरून केलेलेच चित्रपट दाखवायचे असा हट्ट धरू नका, दोन वर्षांत तेच ते वाटायला लागतं. आणि स्वतः आदल्या आठवड्यात पूर्ण पाहिल्याशिवाय काही लावू नका. ‘कौटुंबिक’ म्हणून लावलेल्या एका चित्रपटात चाळिसाव्या मिनिटाला काय आलं ते इथे लिहीत नाही. पहिल्या रांगेत आठ-दहा वर्षांची मुलं होती आणि मी दिव्याचं बटण शोधत होते. वयाचं प्रमाणपत्र फलकावर लिहा, आणि एकट्या आलेल्या मुलांबद्दलचा नियम आधी ठरवा, दारात नको.

संध्याकाळ चालवायची ती अशी. नावनोंदणी ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. फुकट कार्यक्रमाला नाव देणारे पुष्कळ, येणारे त्याहून बरेच कमी. खुर्च्यांपेक्षा थोडी जास्त नावं घ्या, सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी उरलेल्या जागा दारात उभ्या असलेल्यांना द्या. मात्र सभागृहाची ठरलेली क्षमता ओलांडायची नाही आणि मधली वाट खुर्च्यांनी बुजवायची नाही. वेळेवर सुरू करा. सात म्हणजे सात. अध्यक्ष यायचेत म्हणून थांबलात, तर वेळेवर आलेल्या पन्नास जणांना तुम्ही चूक ठरवता. प्रास्ताविक चार मिनिटं, त्यात गोष्ट सांगायची नाही. सत्कार नाहीत. मध्यंतर नाही.

चित्रपट संपल्यावर भगभगीत दिवे एकदम लावू नका. नावं सरकू द्या, अर्धे दिवे, मग पूर्ण. मग चर्चा. ‘कसा वाटला?’ असं विचारलंत तर ‘छान’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. मी बोट ठेवता येईल असं काहीतरी विचारते. तिने पत्र न वाचताच का फाडलं? तो शेवटी दार उघडं टाकून गेला, ते मुद्दाम की घाईत? माणसं लगेच दोन बाजू घेतात. ज्यांना जायचंय त्यांना आधीच सांगा की चर्चा ऐच्छिक आहे, जायला संकोच नको.

पुस्तकांचं टेबल आत येण्याच्या वाटेवर नाही, बाहेर पडायच्या वाटेवर मांडा. येताना लोकांना जागा पकडायची घाई असते. चित्रपटाशी कुठूनतरी नातं असलेली दहा-बारा पुस्तकं पुरेत: त्याच काळातली, त्याच प्रश्नावरची, त्याच गावासारख्या गावावरची. आणि खरी मेख अशी की त्या वेळी देवघेव विभाग चालू हवा. आम्ही पहिलं वर्षभर टेबल सजवलं आणि देवघेव बंद ठेवली. लोक पुस्तक उचलायचे, दोन पानं चाळायचे आणि ‘उद्या येतो’ म्हणून ठेवायचे. त्यातले फार थोडे दुसऱ्या दिवशी आले. नंतर एक कर्मचारी तासभर जास्त थांबवला, सभासदत्वाचे अर्ज तिथेच ठेवले, आणि टेबलावरची निम्मी पुस्तकं त्याच रात्री घरी जाऊ लागली.

शेवटचा प्रश्न, जमलं हे कसं ओळखायचं? अहवालात सगळे आलेल्यांचा आकडा लिहितात. तुम्ही दोनदा मोजा: सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी आणि नावं सरकायला लागताना. मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो, आणि दोन आकड्यांमधला फरक सगळ्यात जास्त.

आमच्याकडे काही महिने हा फरक सहा-सातच्या पुढेमागे राहिला. चित्रपट हलका असो, गंभीर असो, तेवढी माणसं शेवटच्या वीस मिनिटांत उठायची. मी निवड बदलली, स्पीकर हलवले, एकदा प्रास्ताविकही गाळलं. फरक तेवढाच. मग एका खेळाला मी दाराशी बसले आणि उठून आलेल्या बाईंना हळूच विचारलं, आवडला नाही का? त्या चप्पल शोधत होत्या. म्हणाल्या, ‘अहो, आवडला ना. पण आठ चाळीसची शेवटची बस आहे. शेवट काय होतो ते मला ही पुढच्या वेळी सांगेल,’ आणि मागून चष्मा पुसत आलेल्या मैत्रिणीकडे बोट दाखवलं. तर तीही त्याच बसला निघाली होती.

पुढच्या महिन्यापासून आम्ही खेळ साडेसहाला सुरू केला.